आदल्या संध्याकाळचा वाढदिवस

कराडच्या कोल्हापूर नाक्यावर ट्रॅव्हल्सची गाडी आली तेव्हा आई रडली नाही, भांडली. क्लीनरनं आमची मोठी बॅग डिकीत आडवी भिरकावली आणि ती थेट त्याच्या अंगावर धावून गेली. "आरं ए, त्यात मसाला हाय, माती न्हाई! सोताच्या घरचं सामान असं टाकतोस व्हय?" त्यानं मुकाट्यानं बॅग काढून सरळ ठेवली. चार वर्षांची ओवी माझ्या खांद्यावर पेंगत होती. माझी बायको स्वाती आधीच कोलोनला पोचली होती, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून. आणि मी, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा मास्तर, राजीनामा देऊन बायकोमागं निघालो होतो. आमच्याकडं ही गोष्ट चारचौघांत सांगायला हिंमत लागते. पोचवायला आलेल्या एका काकांनी विचारलंच, "म्हणजे तू तिथं नक्की करणार काय?" मी काही म्हणायच्या आत आई म्हणाली, "करंल काय बी. न्हाईतर भाकरी थापंल. माझ्या हाताखाली शिकलाय."

गाडी एसीची, काचा बंद. आई खिडकीखाली उभी राहून बोलत होती आणि मला फक्त तोंड हलताना दिसत होतं. मी हातानं खूण केली, ऐकू येत नाही. तरी ती बोलतच राहिली. गाडी हलली, ती दोन पावलं बरोबर चालली, बोलत बोलतच मागं पडली. पोचल्यावर फोन करून विचारलं, काय सांगत होतीस गं? तर म्हणाली, "आता काय आठवतंय? जेवलास का?"

तुम्ही जे तिकडं राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडं येऊन पडलात, त्या दोघांनाही ह्या प्रसंगात नवीन काही नाही. प्रत्येकाचा एकेक नाका असतो. मी लिहायला बसलोय ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी.

कोलोनमधली भाडी ऐकून स्वातीचेच डोळे फिरले, तेव्हा आम्ही शहरापासून लांब, आयफेलच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात वोनुंग घेतली. वोनुंग म्हणजे फ्लॅट. हा शब्द आता मराठी बोलतानाही तोंडात येतो, काय करता. खेडं म्हणजे एक चर्च, एक बेकरी, मक्याची शेतं, आणि वसंतात शेतात शेणपाणी फवारलं की कराडच्या आठवणीनं जीव कासावीस करणारा वास. स्वाती रोज सकाळी आधी बस, मग रेल्वे धरून कामाला जायची. मी ओवीला बालवाडीत सोडायचो, जर्मनच्या वर्गाला जायचो, आणि माझी पदवी इथं चालते की नाही ह्याची वाट बघायचो. त्या वाट बघण्याला इथं अनएरकेनुंग म्हणतात. शब्द लांब, काम त्याहून लांब. कधी बी.एड.चा एक विषय कमी निघायचा, कधी शिक्का फिका. तीन वर्षं मी भाकरी थापल्या, अगदी आई म्हणाली तशा.

शेवटी गावातल्याच प्राथमिक शाळेत बदली शिक्षक म्हणून मला घेतलं. तिसरी-चौथीला इंग्रजी. इंग्रजी शिकवणारी बाई बाळंतपणाला गेली होती आणि त्या खेड्यात यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. ओसाड गावी एरंड बळी, तशी माझी नेमणूक. पालकांच्या पहिल्या सभेत एका बापानं विचारलं, ह्या सद्गृहस्थांचं इंग्रजी आपल्या मुलांना चालेल ना? मुख्याध्यापिका फ्राउ केलर, उंच, पांढऱ्या केसांच्या, बोलायला रोखठोक. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी जन्मली नव्हती तेव्हापासून हे शिकवतायत." बाप खाली बसला. मला मात्र घाम फुटला होता.

कराडला माझ्या वर्गात साठेक पोरं असायची आणि माझी एकच पद्धत होती: माझ्यामागून म्हणा. मी एक ओळ म्हणायची, साठ गळ्यांनी ती परत यायची, रस्त्यावरच्या माणसालाही कळायचं की जाधव सरांचा तास चालू आहे. इथंही मी तेच सुरू केलं. मुलं घरातल्या सपाता घालून वर्गात बसतात, बाहेरचे बूट दारातच काढतात, हे बघून मला वाटलं, चला, आपल्यातलीच आहेत. उभं केलं सगळ्यांना आणि लावलं ओरडायला. फ्राउ केलर मागं बसून बघत होत्या. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, "हेर यादाफ," माझ्या आडनावाचं इथं असंच होतं, "आज कोणकोण बोललं?"

"सगळे बोलले."

"आल्झो, अस्सं तर," त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणीच नाही."

मला राग आला. वीस वर्षांची विद्या एका वाक्यात धुऊन काढली बाईनं. पण घरी येऊन विचार केला तेव्हा वाटलं, खरंच, त्या साठांतल्या एकानं तरी मला कधी इंग्रजीत काही विचारलं होतं का? पुढच्या आठवड्यात मी खुर्ची वर्गाच्या मधोमध घेतली आणि मुलांना सांगितलं, मला काय हवं ते विचारा, फक्त इंग्रजीत. आणि काय सांगू! तुमच्याकडं गाय आहे का? तुम्हाला ट्रॅक्टर चालवता येतो का? तुम्ही लहान होता तेव्हा तिथं वाघ होता का? मोडकंतोडकं, पण स्वतःचं. मग लेना नावाच्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं विचारलं, "Your mama is where?"

"In India."

"Alone?"

"Yes."

"Why?"

मी तिला नीट वाक्य शिकवलं. Where is your mother, असं म्हणायचं. तिनं ते शहाण्यासारखं म्हणून दाखवलं आणि मी पुढच्या मुलाकडं वळलो.

आई एकटीच होती. वडील साखर कारखान्यात होते, ते मी कॉलेजात असतानाच गेले. त्यानंतर आईनं ब्लाऊज शिवून घर चालवलं. शिक्षण सातवी. तिला इकडं ये म्हटलं की म्हणायची, "मी तिथं येऊन काय करू? खिडकीत बसून बर्फ बघू?" रविवारी फोन व्हायचा, चेहरा दिसणारा. ओवीशी बोलायला ती आठवडाभर गोष्टी साठवून ठेवायची. पण ओवी मोठी होत गेली तसं तिचं मराठी कानात राहिलं आणि तोंडातून गेलं. इथल्या बहुतेक मराठी घरांत हेच आहे, घरोघरी मातीच्या चुली. आजी काय म्हणते ते हिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मग आई माझ्याकडं बघायची. "काय म्हणती रं ती?" मी सांगायचो. आजी हसायची, पण माझ्याकडं बघून.

एका रविवारी तिचा पारा चढला. "दर खेपंला तू मधी. लगीन जमवायला मधी माणूस लागतो, नातीशी बोलायला कशाला रं?"

"मग काय करू आई?"

"मला इंग्रजी शिकव. तिला तू शाळेत शिकवतोसच न्हवं? मग मलाबी शिकव. तुमचं जर्मन माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. इंग्रजी निदान औषधाच्या बाटलीवर तरी बघितलंय."

मी हसलो. ती हसली नाही. निम्म्या कराडला इंग्रजी शिकवलं मी, आणि ज्या बाईनं मशीन मारून मला शिकवलं तिनं कधी मागितलं नव्हतं. आता मागत होती.

मग असं सुरू झालं, की सकाळी ओवीच्या वर्गाला जो धडा, तोच संध्याकाळी आईला. शाळेत ओवी मला नियमानं हेर यादाफ म्हणायची, घरी पप्पा. आईची मालिका संपायची तेव्हा माझी दुपार उतरत आलेली असायची. तिला ते प्रश्न-बिश्न नको होते. "तू म्हण, मी मागनं म्हणते," हाच हट्ट. पण फोनवर आवाज मागंपुढं होतो. मी पुढचा शब्द उच्चारायला आणि तिचा मागचा शब्द पोचायला एकच गाठ पडायची, दोघांचा नुसता गोंधळ. शेवटी ती वैतागून म्हणाली, "बरं, विचार बाबा तुझ्या त्या बाईच्या पद्धतीनं." मी म्हटलं, What is this? आणि तिच्या हातातल्या कढईकडं बोट केलं.

"कढईला काय म्हणतात?"

"कढईच म्हणतात."

"कप्पाळ! मग शिकायचं काय त्यात?"

पण शिकली. चिकाटी तिची होतीच. शिवणीला शिवण जुळेपर्यंत उसवायची सवय असलेली बाई. एका रविवारी मी फोन ओवीपुढं ठेवला आणि मुद्दाम स्वयंपाकघरात गेलो. बाहेरून ऐकू येत होतं.

"Ovi, what you eat?"

"Noodles."

"With?"

"With cheese, Aaji."

"Good?"

"Very good. And you?"

"Bhakari. Very, very good."

आणि दोघी हसल्या. स्वाती माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती, आम्ही दोघंही नळ बंद करून ऐकत होतो. त्यांचं सगळं बोलणं दोन मिनिटांचं. पण मधी कुणी नव्हतं. पुढं पुढं ओवीच तिची मास्तरीण झाली. "Aaji, not 'my knee is paining'. Say 'my knee hurts'." आई म्हणायची, "Hurts, hurts. Both hurts." माझ्या उभ्या आयुष्यातला शिकवण्याचा सगळ्यात मोठा पराक्रम हाच, आणि त्याला ना परीक्षा होती ना निकाल.

मग ओवीचा दहावा वाढदिवस आला. जूनमधला.

आई महिनाभर एकच वाक्य घोटत होती. मला ऐकवलं नव्हतं, शेजारच्या माळीकाकूंच्या सुनेकडून नीट करून घेतलं होतं. शिवाय त्या सुनेनं तिला सांगितलं होतं, की हल्ली बाराच्या ठोक्याला फोन करायचा असतो, जो पहिला करतो त्याचं प्रेम जास्त. नऊला झोपणारी माझी आई त्या दिवशी बारापर्यंत जागी राहिली. कराडला बारा वाजले तेव्हा आमच्याकडं आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेआठ होते. उन्हाळा, बाहेर लख्ख ऊन, ओवी दात घासत होती. फोन वाजला. पडद्यावर आई, अंगावर चांगली साडी, हातात ताम्हण, ताम्हणात निरांजन. पडद्यावरूनच ओवाळायला लागली आणि म्हणाली,

"Happy birthday to you, my dear Ovi. Today you are ten years. God bless you. I love you."

मराठीत असलं काही ती आयुष्यात कुणाला म्हणाली नव्हती. वडिलांना नाही, मला नाही. इंग्रजीत तिला ते म्हणता आलं. मी ऐकतोय तोवर ओवीनं दोन्ही हात कानांवर दाबले. "नॉख निष्ट! नॉख निष्ट!" अजून नाही, अजून नाही, म्हणून ती ओरडायला लागली. तोंडात पेस्ट, डोळ्यांत पाणी. आधी शुभेच्छा दिल्या की वाईट होतं, उंग्लुक येतं, आजीनं असं का केलं, म्हणत ती रडत आत पळाली आणि दार लावून घेतलं.

मला तरी कुठं माहीत होतं? दुसऱ्या दिवशी शाळेत फ्राउ केलरना विचारलं. एरवी देवाधर्माच्या बोलण्याला हसणाऱ्या बाई गंभीर झाल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाल्या, "ते कुणी करत नाही. मीसुद्धा नाही. नंतर आठवड्यानं दिल्या तर चालतात, पण एक मिनिट आधी नाही." ओवी इथं वाढली, हे तिनं बालवाडीपासून ऐकलेलं. आणि आजीच्या घड्याळात तारीख बदललेली होती हे दहा वर्षांच्या जिवाला त्या क्षणी कसं सुचावं?

त्या संध्याकाळी मात्र पडद्यावर आईचं ताम्हण हवेतच थांबलं होतं. "माझं काय चुकलं रं? इंग्रजी चुकलं का?"

ओवीच्या ओरडण्यावरून जेवढं कळलं तेवढं मी खरं सांगितलं. म्हटलं, इंग्रजी एकदम बरोबर होतं आई, फक्त इथं आधी म्हणणं अपशकुन मानतात, खुळचट समजूत आहे, सोडून दे. पण मी कुणाला सांगत होतो? माझी आई शनिवारी नखं कापत नाही. निघालेल्या माणसाला कुठं चाललास म्हणून विचारत नाही. अपशकुन म्हणजे काय हे तिला फ्राउ केलरपेक्षा जास्त कळत होतं. तिनं ताम्हण खाली घेतलं.

"म्हणजे मी पोरीला अपशकुन केला."

"आई, तसं नसतं गं."

"त्यांच्या देशातलं त्यांनाच म्हाईत असणार. ती तिथं वाढतीया, तिला तिथलंच लागणार." तिनं निरांजनावर हात धरला, आणि फोन बंद झाला.

नंतर कळलं, तिनं ओवीच्या फोटोवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, शनिवारी मारुतीला तेल घालायला लागली. रविवारी फोनवर माझ्याशी बोलायची, स्वातीशी बोलायची, ओवी समोर आली की म्हणायची, "आता ठेवते, दूध उतू जाईल." ओवीलाही लाज वाटत होती. तिनं एकदा सॉरी म्हणायचं ठरवलं आणि फोन लागला तेव्हा माझ्या मागं लपून बसली. स्वातीनं आईला परोपरीनं समजावलं. "अहो आई, पोरगी वाट बघते तुमची. तुम्ही बोला ना तिच्याशी." आई म्हणाली, "बोलीन गं. सावकाश."

हे मिटलं असतं. लेकरांचं आणि म्हाताऱ्यांचं भांडण किती दिवस टिकतं? पण त्या शरदात चौथी संपलेली ओवी शेजारच्या गावातल्या मोठ्या शाळेत सायकलनं जायला लागली, आणि ओल्या पानांवरून चाक घसरून पडली. मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टरवर मैत्रिणींनी चित्रं काढली, दीड महिन्यात पोरगी पूर्ववत. पण मी आईला सांगितलं तेव्हा तिनं आधी प्लास्टर दाखव म्हटलं. मग ती म्हणाली, "बघ. मी म्हणत नव्हते?" ओवीनं माझ्या हातातून फोन घेतला. "Aaji, it was the leaves. Wet leaves. Not you." आईनं ते ऐकलं. तिला ते समजलंही, मला तिच्या डोळ्यांत दिसलं. पण ती मला म्हणाली, "तिला हळदीचं दूध दे," आणि उठून गेली.

त्यानंतर ओवी घरात असली की आई पडद्यासमोर यायचीच नाही. आधी विचारायची, "पोरगी कुठाय? शाळेत ना? मग बोल." ज्या नातीशी बोलायला ती साठीनंतर परकी भाषा शिकली, तिच्याच पायी आता तोंड मिटून बसली होती. मला कधी कधी इतका संताप यायचा की वाटायचं, उठावं, जावं आणि दोघींना एका खोलीत कोंडावं. उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटं काढली. म्हटलं, समोरासमोर सगळं सुरळीत होईल. आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "ओवीचा वाढदिवस झाल्यावर येणार का आधी?" म्हटलं, झाल्यावर. "बरं," म्हणाली. आवाजात कितीतरी दिवसांनी हुशारी होती.

मे महिन्यात एका सकाळी माळीकाकूंनी हाका मारल्या आणि आईनं दार उघडलं नाही. झोपेतच गेली होती.

मिळेल त्या विमानानं मी एकटा निघालो. ओवीची परीक्षा, स्वातीला रजा नाही, असली कारणं त्या वेळी खरी वाटतात. कराडमध्ये मेचा उन्हाळा, कुणी किती थांबणार? चुलत भावानं सगळं केलं. मी पोचलो तेव्हा राख सावडायची राहिली होती, तेवढी सावडली.

माळीकाकू रोज डबा घेऊन यायच्या. दहाव्यानंतर मला म्हणाल्या, "तुझ्या आईनं माझं डोकं उठवलं होतं बघ. दुपारी मशीनवर बसली की माझ्याशी इंग्रजी. मला ढिम्म कळायचं न्हाई. मी म्हणायची, आक्का, मी काय गोरी मडम हाय का? तर म्हणायची, ऐक गप, सवय मोडंल माझी." मला वाटत होतं तिनं केव्हाच सोडून दिलं. काकू पुढं म्हणाल्या, "सुनेला विचारून घेतलं होतं तिनं, तुमच्याकडं उजाडतं कधी. औंदा घाई करायची न्हाई म्हणाली. तिकडं उजाडंल, पोरगी उठंल, तोंड धुवंल, मगच फोन. एकदा येळंवर म्हटलं, की मागचं फिटंल. तवर तिच्याशी बोलायचं न्हाई असं धरलं होतं तिनं." वाढदिवस पुढच्याच महिन्यात होता.

मी त्यांच्यासमोर रडलो. आईच्या चितेपाशी पोचू शकलो नाही म्हणून जेवढं रडू आलं नव्हतं तेवढं ह्यावर आलं. वर्षभर ती गप्प होती ते रागानं नाही, लाजेनं नाही. ती उपासाला बसावं तशी बसली होती.

परत आलो. वर्गात गेलो तेव्हा मुलं नेहमीसारखी ओरडत नव्हती, फ्राउ केलरनी सांगून ठेवलं असणार. पहिल्या बाकावरच्या एकानं विचारलं, "Was she nice?" कुणीही न शिकवता अगदी बरोबर वाक्य. मी Yes म्हटलं आणि पुस्तक उघडायला सांगितलं.

ओवीनं काही दिवस काहीच विचारलं नाही. मग एकदा मी भांडी घासत असताना शेजारी येऊन भांडी पुसायला लागली आणि हळूच जर्मनमध्ये म्हणाली, "पप्पा, ते उंग्लुक चुकून आजीवर गेलं का? माझं होतं ते." मी हात धुतले नाहीत, तसाच तिला जवळ घेतलं. सांगितलं की असं काही नसतं, आजीचं वय झालं होतं, हृदय थकलं होतं. तिनं मान हलवली. पटलं नव्हतं. आजीच्या रक्ताची पोरगी, तिला कसं पटणार? मग माळीकाकूंनी जे सांगितलं ते मी तिला सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, कारण ते मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगता येत नव्हतं. ती ऐकत राहिली आणि एकच ताट कितीतरी वेळ पुसत राहिली.

भाऊ विचारतो, घराचं काय करायचं? भाड्यानं देऊ का? मी विषय बदलतो. विटा-पत्र्यांचं काय, ते उद्या कुणीही घेईल. कराडचं घर म्हणजे तिथं एक बाई बसून आमच्याकडं कधी उजाडतं ह्याचा हिशेब ठेवत होती, एवढंच होतं. आता तिथं कुणाला आमची वेळ माहीत नाही. आणि इथं आठव्या वर्षीही मी हेर यादाफच आहे. कुणी विचारलं घर कुठं, तर आता मला पटकन सांगता येत नाही.

जूनमध्ये ओवी अकरा वर्षांची झाली. सकाळी उठली, तोंड धुतलं, स्वातीनं केकवर मेणबत्त्या लावल्या, आम्ही दोघांनी शुभेच्छा दिल्या. बरोबर वेळेला, उजाडल्यावर. मैत्रिणींचे, स्वातीच्या आईचे पुण्याहून फोन येऊन गेले. ओवी टेबलाशी बसून राहिली. केक कापेना. स्वातीनं माझ्याकडं बघितलं, मी ओवीकडं.

"पप्पा," ती म्हणाली. आणि मग मराठीत बोलायला लागली. शब्द शोधत, अडखळत, कुणी विचारलं नव्हतं तरी. "आजी मागच्या वर्षी बोलली ना... लवकर? ती एक दिवस लवकर नाही बोलली. ती एक वर्ष लवकर बोलली. ते ह्या वाढदिवसाचं आहे. धरायचं?"

मी मान हलवली. स्वातीच म्हणाली, "धरायचं गं राणी."

"मग मी रडले ते चूक झालं," ओवी म्हणाली, आणि मेणबत्त्या विझवायच्या आधी, आम्ही दोघं समोर असताना, आमच्यापैकी कुणाकडंही न बघता म्हणाली, "थँक यू आजी. आय लव्ह यू टू."